रामेश्वर : दोन तासिका

प्रत्येक शाळेत वेळापत्रक करणारा एक मास्तर असतो. हे काम कुणी मागून घेत नाही, आणि एकदा गळ्यात पडलं की निवृत्तीपर्यंत सुटत नाही. भिवंडीच्या एका शाळेत मी भूगोल शिकवत असे. जून महिना उजाडला की मोठा पुठ्ठा, पट्टी, दोन रंगांच्या पेन्सिली आणि खोडरबर घेऊन मी स्टाफरूमच्या कोपऱ्यात मांडी ठोकत असे. गणिताचे सर एकाच वेळी दोन वर्गांवर जाता कामा नयेत. चित्रकलेच्या बाईंना शेवटची तासिका नको, कारण त्यांची कल्याणची एस.टी. चुकते. पी.टी.च्या सरांना जेवणानंतरची तासिका देऊ नये, कारण मुलांना झेपते पण सरांना झेपत नाही. हे सगळं पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या चौकोनांत चपखल बसलं, की मला जो आनंद होई तो फक्त पंचांगकर्त्यांनाच ठाऊक असेल.

पण ह्या कामाचा एक दुष्परिणाम होतो. जगातली कुठलीही गोष्ट पस्तीस मिनिटांत बसवता येते, असं माणसाला वाटायला लागतं.

त्यात गाव भिवंडी. आमच्या गावाला रेल्वे आहे, पण स्टेशनचं नाव 'भिवंडी रोड'. रेल्वेच्या भाषेत नावापुढे 'रोड' लागला, की त्याचा अर्थ 'गाव पुढे आहे, आपापलं बघून घ्या' असा होतो. शिवाय ही लाईन वसईहून दिव्याला जाते. मुंबईची सरळ लोकल आम्हाला नाही. भिवंडीकराला कुठेही जायचं असलं, तरी तो आधी कल्याणला नाहीतर ठाण्याला जातो आणि मग निघतो. निघण्यासाठीसुद्धा आधी जावं लागतं, अशा गावात प्रवासाचा विचार जरा जास्तच होतो. तेव्हा वेळापत्रकाचा मास्तर, तोही भूगोलाचा, आणि घरात रेल्वेचं जाडजूड टाईमटेबल. सबंध आळीच्या सहलींचा आराखडा माझ्याकडे येऊ लागला, ह्यात नवल नव्हतं. मी एक पैसाही घेत नसे. उलट चहा आमच्याकडूनच जाई. सौ.चं म्हणणं असं, की लोक प्रवासाला जाऊन जेवढे दमतात, त्याहून ती त्यांच्या प्रवासाच्या चहाने दमते.

माझी ख्याती एकाच गोष्टीवर उभी होती. माझ्या कार्यक्रमात स्थळं जास्त बसत. महाबळेश्वरला जाणाऱ्याला मी वाटेत वाई आणि परतताना प्रतापगड फुकटात मिळवून देई. लोक कागद हातात घेऊन म्हणत, "सर, एवढ्या पैशात एवढं?" आणि मी नम्रपणे खाली बघे. नम्रपणा हा अहंकाराचा रविवारचा पोशाख असतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

पहिला टोला दिला तो पद्मनगरातल्या एका स्नेह्याने. पद्मनगर म्हणजे भिवंडीतली तेलुगू विणकरांची वस्ती. तिकडे सकाळी नळावरचं भांडणसुद्धा तेलुगूत चालतं आणि त्याला रात्रंदिवस यंत्रमागांचा खटखटाट साथ करतो. ह्या स्नेह्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. वर्षातून एकदा माग बंद ठेवून तो करीमनगरकडे आपल्या गावी जायचा. त्या वर्षी तो गाड्या विचारायला आला. मी त्याला तीन पानं लिहून दिली. जाताना हैदराबादला उतरून चारमिनार, सालारजंग म्युझियम, दुपारी गोवळकोंडा. दुसऱ्या दिवशी वरंगळचं हजारखांबी देऊळ. मग बसने गाव. त्याने तिन्ही पानं मन लावून वाचली आणि म्हणाला, "सर, हे सगळं बघून घरी कधी पोचणार?"

"फक्त दोन दिवस उशीर."

"आई दारात बसते सर. मी निघालो हे कळलं की त्या दिवसापासून बसते." मग पानांच्या घड्या घालत अगदी सौम्यपणे म्हणाला, "तिचं बसणं ह्यात कुठे धरलंय?"

मी हसलो. अडाणी माणूस, असं मनात म्हटलं. माझ्या कार्यक्रमात चारमिनारसाठी एक तासिका होती, म्युझियमसाठी दोन होत्या. दारात बसलेल्या म्हातारीसाठी चौकोन नव्हता, आणि तो नसावा हेच मला शास्त्रशुद्ध वाटत होतं.

मग १९९० चा मे महिना आला आणि मी माझ्याच कुटुंबावर शस्त्रक्रिया केली. दक्षिण भारत, तेरा दिवस, एकवीस स्थळं. मी, सौ., दहा वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आई तेव्हा अडुसष्टची होती. वडील १९७८ सालीच गेले होते. आईने एकवीसपैकी एकाच स्थळाची चौकशी केली : "रामेश्वर आहे ना?" मी म्हटलं, "आहे. दोन तासिका."

आता रामेश्वरला देवळाच्या आवारात बावीस तीर्थं आहेत. प्रत्येक तीर्थ म्हणजे बहुतेक एक विहीर. काठावरचा माणूस बादलीने पाणी शेंदून आपल्या डोक्यावर ओततो, आणि आपण पुढच्या विहिरीकडे निथळत जातो. मी दर तीर्थाला दीड मिनिट धरलं होतं. बावीस गुणिले दीड म्हणजे तेहतीस, आणि कपडे पिळायला दोन मिनिटं. पस्तीस! पहिली तासिका पूर्ण. हे गणित जुळलं त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नव्हती. दुसरी तासिका दर्शन आणि प्रदक्षिणेची. ते जगप्रसिद्ध लांबच लांब दालन, ज्यात दोन्ही बाजूंनी खांबांच्या रांगा आहेत आणि जिथले एकूण खांब बाराशेवर भरतात असं सांगतात, ते मी 'जाता जाता' ह्या सदरात टाकलं होतं.

मदुराईहून पहाटे साडेचारला भाड्याची गाडी काढली. पांबनचा रस्त्याचा पूल १९८८ सालीच सुरू झाला होता. त्याआधी बेटावर जायला आगगाडीच होती. पुलावर मुलाला समुद्र दाखवायला गाडी थांबवावी, असं सौ. म्हणाली. मी गाडी चालू ठेवून दाखवला. देवळात सगळं मिनिटावर झालं. विसाव्या तीर्थाशी तर आम्ही चार मिनिटं पुढे होतो. दर्शन झालं आणि त्या दालनात आलो. उन्हातून आत आल्यावर तिथला दगडी गारवा अंगावर आला. आई ओल्या लुगड्यानिशी सावकाश चालत होती, मध्येच ओठ हलवत होती. जप चालला असेल असं मला वाटलं. अर्ध्यापर्यंत आल्यावर थांबून ती म्हणाली, "जरा बसू दे रे इथं."

मी घड्याळ बघितलं. "आई, रात्री कन्याकुमारी गाठायची आहे. उद्या सूर्योदय आहे."

"तो रोजच असतो," आई म्हणाली. पण उठली. म्हणजे बसलीच नव्हती; बसायला वाकली होती, तशीच सरळ झाली.

पुढची हकीकत लिहायला मला आजही लाज वाटते, पण तिच्यावाचून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. पूल ओलांडून काही मैल गेलो आणि चाक पंक्चर झालं. स्टेपनी काढली, तर तीही बसलेली. ड्रायव्हर चाक घेऊन एका लॉरीवर चढून निघून गेला. आम्ही चौघं ताडाच्या झाडाखाली, होल्डॉलवर. ताडाची सावली किती असते, हे भूगोलात शिकवत नाहीत. ड्रायव्हर परत यायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. माझ्या हिशेबाने साडेचार तासिका. त्या साडेचार तासिकांत आई एकच वाक्य बोलली, तेही रागाने नव्हे, खरोखरच्या कुतूहलाने : "इथं बसायला वेळ आहे होय रे?"

कन्याकुमारीला सूर्योदयाच्या दिवशी ढग होते.

घरी आल्यावर मी हा प्रश्न मेहुण्यांपुढे ठेवला. आमचे मेहुणे नियोजनाचे हाडवैरी. 'पिशवी उचलायची आणि निघायचं' हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते म्हणाले, "बघ! तुझा कागदच पापी आहे. फाडून टाक." क्षणभर मला पटलं. पण मग त्यांचाच कोकणचा प्रवास आठवला. पिशवी उचलून निघाले, खरं आहे. रात्री दहाला एका गावात उतरले तेव्हा राहायला जागा नव्हती, हेही खरं. एस.टी. स्टँडच्या बाकावर मेहुणे आकाशातली नक्षत्रं बघत गाढ झोपले. नक्षत्रं नसलेल्या बाजूला आमची ताई दोन पोरांना मांडीवर घेऊन, बॅगांवर पाय ठेवून, रात्रभर जागी राहिली. मेहुण्यांचा स्वच्छंदीपणा ताईच्या जागरणावर चालत होता. घरातल्या कर्त्याने कागद केला नाही, तर त्याचा हिशेब दुसरं कुणीतरी चुकतं करतं, आणि ते दुसरं कुणी बहुधा बाईमाणूस असतं. तेव्हा कागद पापी नाही. आपल्यासोबत माणसं असताना कागद न करणं हेसुद्धा पापच आहे. फक्त ते दिसायला जरा काव्यमय असतं.

मग चुकलं कुठे? ह्यावर मी बरीच वर्षं विचार केला. मास्तर माणूस, परीक्षेशिवाय करमत नाही. म्हणून जगातला सर्वांत चांगला प्रवासाचा कार्यक्रम कुठला, ते शोधायला लागलो. तो घरातच सापडला. पंढरीची वारी. ज्ञानोबांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. तिथ्या ठरलेल्या, वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात ह्या सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, तिच्यापुढे माझा पुठ्ठा म्हणजे पोरखेळ. लाखो माणसं आणि शिट्टी मारणारा पी.टी.चा सर नाही! पण त्या कार्यक्रमात एक रकाना असा आहे, जो माझ्या एकाही कार्यक्रमात नव्हता. त्याचं नाव 'विसावा'. सकाळचा विसावा, दुपारचा विसावा. हे थांबणं सवडीवर सोडलेलं नाही, मुक्कामाइतकंच ते नेमून दिलेलं आहे. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. मोटारीने सकाळी निघाल्यास दुपारचं जेवण पंढरपुरात. वारीला अडीच आठवड्यांहून जास्त लागतात, कारण तो हिशेब मोटारीचा नाही. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या सत्तर वर्षांच्या बाईला जेवढं चालवेल, तेवढाच त्या लाखांच्या सोहळ्याचा वेग आहे. दिवे घाटात चढ लागतो तिथे रथाला जादा बैलजोड्या लावतात, पण वेग म्हातारीचाच राहतो. मी रामेश्वरी नेमकं उलट केलं होतं. वेग माझा धरला आणि म्हातारीला बैलजोडीसारखी जुंपली.

दुसरा धडा दिला विष्णुभट गोडसे ह्यांनी. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले. कार्यक्रम अगदी साधा : घरात कर्ज झालेलं, बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याचं कळलेलं, तिथे दक्षिणा मिळवावी आणि परत यावं. भटजी सापडले नेमके बंडाच्या वणव्यात. झाशीचा पाडाव त्यांनी आत राहून पाहिला. मिळवलेलं लुटलं गेलं, पुन्हा मिळवलं ते पुन्हा गेलं. त्यांचं 'माझा प्रवास' हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापून काढलं. माझ्या पद्धतीने त्याला गुण द्यायचे, तर हा प्रवास सपशेल नापास. कार्यक्रमातली एक बाब धड झालेली नाही. पण परत येताना हा माणूस गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन वरसईला आला, आणि त्या पाण्याने त्याने आईवडिलांना स्नान घातलं. निघताना पैसा आणायचा होता तोही त्यांच्यासाठीच होता. पैसा गेला, 'कुणासाठी' ते मात्र भटजींनी वाटेत कुठे हरवू दिलं नाही. मी तर तिकिटं, पावत्या आणि एकवीसपैकी एकवीस स्थळं सुखरूप घेऊन आलो होतो. जिच्यासाठी रामेश्वर कागदावर आलं, तेवढी मागे राहिली होती.

हे सगळं पुस्तकी शहाणपण. खरं काय झालं होतं, ते कळलं १९९४ च्या थंडीत.

आई अधूनमधून वज्रेश्वरीचं नाव काढायची. भिवंडीहून वज्रेश्वरी ती केवढी लांब? वाड्याच्या रस्त्याने अंबाडीपर्यंत जावं आणि तिथून वळावं. तालुक्यातलीच देवी. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी तिला नवस बोलला होता, १७३९ साली वसई सर झाली, आणि देऊळ उभं राहिलं. म्हणजे खुद्द पेशव्यांच्या भावाने आठवणीने तिथला शब्द पाळला. मी मात्र 'कधीही जाता येईल' म्हणून पंधरा वर्षं काढली. जवळची ठिकाणं आणि जवळची माणसं कार्यक्रमात कधी येत नाहीत, कारण त्यांचं रिझर्व्हेशन करावं लागत नाही.

एका रविवारी आम्ही दोघंच गेलो. खिशात कागद होता, पण त्यावर एकच ओळ होती : परतीच्या शेवटच्या एस.टी.ची वेळ. देवळाला बावन्न पायऱ्या आहेत. आई दहा-बारा चढायची आणि बसायची. पहिल्यांदा मी घड्याळाकडे बघितलं, दुसऱ्यांदाही बघितलं. तिसऱ्यांदा घड्याळ काढून खिशात टाकलं आणि तिच्या शेजारी बसलो. खाली तानसा नदीच्या बाजूला, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे माणसं चालली होती. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "एकशे सदतीस झाले होते."

"काय?"

"खांब. रामेश्वरचे." मग तिने सांगितलं. वडिलांनी आयुष्यात नाशिकच्या पलीकडचं गाव बघितलं नव्हतं. पण आमच्या घरी एका वर्षी रामेश्वरच्या देवळाचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं. वडील दाढी करताना त्याच्याकडे बघून म्हणायचे, "हजारावर खांब म्हणे! कुणी मोजलेत? आपण जाऊन मोजू या एकदा." वर्ष संपलं, कॅलेंडर गेलं, पण मोजायचं ठरलेलं राहिलं. ते ओठ हलत होते तो जप नव्हता. "म्हटलं, ते नाहीत, तर आपण मोजावेत. मान वर करून मोजता मोजता गरगरायला लागलं, म्हणून बसते म्हटलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू घड्याळ बघत होतास."

तीस वर्षं मी पोरांना शिकवत आलो, की प्रवासाने ज्ञान वाढतं. ज्या बाईच्या शेजारी तेरा दिवस बसून मी अर्धा देश हिंडलो, तिच्या मनात काय होतं, ते मला बावन्न पायऱ्यांपैकी तिसाव्या पायरीवर बसल्यावर कळलं.

१९९७ साली आई गेली.

आता माझा मुलगा कार्यक्रम आखतो. त्याला पुठ्ठा लागत नाही, पट्टी लागत नाही. फोनवर बोट फिरवतो आणि क्षणात रस्ता, हॉटेल, पाऊस, कुठल्या वळणावर डोसा चांगला, सगळं येतं. परवा तो म्हणाला, "बाबा, डिसेंबरात मदुराई-रामेश्वर करू या. पांबनला २०२५ मध्ये नवा रेल्वेपूल झालाय, मधला भाग सरळ वर उचलला जातो. पोराला दाखवायचाय." त्याने फोन माझ्यापुढे धरला. चौकोनच चौकोन! रक्त कुठे जातंय? रामेश्वरच्या चौकोनात लिहिलं होतं : 'देऊळ, दीड तास.' बापाहून उदार होता पोरगा. मी सत्तर मिनिटं दिली होती.

मी म्हटलं, "ह्यात माझं एक काम घाल. दालनातले खांब मोजायचे आहेत."

सूनबाईने लगेच विचारलं, "किती वेळ धरायचा, बाबा?"

सबंध आयुष्यात ह्या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही, असं कधी झालं नव्हतं. मी तोंडातल्या तोंडात हिशेब करू लागलो. बाराशे वजा एकशे सदतीस, माझे गुडघे, दर वीस खांबांमागे एक विसावा... आणि मध्येच थांबलो. म्हटलं, "ते सांगता येणार नाही. आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नकोस."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. वेळापत्रकाच्या मास्तराच्या तोंडून हे वाक्य त्याने प्रथमच ऐकलं असावं. नातू मात्र खूश झाला. त्याला मोजायला आवडतं.

"आजोबा, मी मोजू? एकपासून?"

"नाही," मी म्हटलं. "एकशे अडतीसपासून."